प्लेगच्या माळावर गाद्या भरताना

माझी नातसून शाळेत शिकवते. दिवाळी अंकवाल्या कुणी तरी तिला गाठून म्हटलं, तुमच्या आजेसासूबाई निजामाच्या काळात पिंजाऱ्याचं काम करत होत्या म्हणे, प्लेगात त्यांनी गावाची लई सेवा केली म्हणे, तर त्यांच्याकडून लिहून घ्या. ती कागद घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. मी म्हटलं, सेवा कसली गं बाई? कोण सांगतं असलं काही? गावात माणसं मरत होती आणि आमच्या दाराशी गिऱ्हाइकांची रीघ लागली होती, ही काय अंकात छापायची गोष्ट आहे? ती म्हणाली, तेच सांगा. तर सांगते. मी बोलतेय, ती लिहितेय. भाषा जराशी सरळ करते म्हणाली. म्हटलं कर, पण मला मास्तरीण करून ठेवू नको.

आधी धंदा सांगते, कारण आता फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजारी म्हणजे काय ते पोरांना माहीत नाही. गादीतला कापूस अंगाच्या भारानं, घामानं दडपतो, त्याचे गोळे होतात. पिंजाऱ्यानं ती गादी उसवायची, कापूस उन्हात टाकायचा, काठीनं झोडायचा आणि मग पिंजणाखाली घ्यायचा. पिंजण म्हणजे माणसाएवढं धनुष्य. त्याला आतड्याची दोरी असते, तिला तात म्हणतात. तात कापसाच्या ढिगात धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, कापूस सुटा होऊन उडतो, आणि तुंई तुंई असा आवाज निघतो तो पार पलीकडच्या गल्लीत जातो. हे काम बाप्याचं. पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, सारखा करायचा आणि दाभणानं टाके घालायचे, हे काम बाईचं. म्हणजे माझं. सरकारदरबारी गावाचं नाव उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. तर त्या धाराशिवात माझ्या हातासारखे टाके दुसऱ्या कुणाचे नव्हते. आपल्याच तोंडानं सांगते, कारण सांगणारं दुसरं आता कुणी उरलं नाही.

आमच्या घरात एक रीत होती. सासूनं शिकवलेली. गादी भरून झाली की शेवटचा टाका तेवढा ठेवायचा आणि भरणारीनं गादीवर एकदा पाठ टेकवून बघायची. हाताला न लागलेला गोळा पाठीला लागतो. लागला तर राहिलेल्या फटीतून हात घालून तो फोडायचा, आणि मग शेवटचा टाका मारायचा. तो टाका पडेपर्यंत गादी पिंजाऱ्याची, पडला की गिऱ्हाइकाची. त्यामुळं सोवळ्याओवळ्याची घरंसुद्धा कधी काही बोलली नाहीत. पाठ टेकवायची आणि लगेच उठायचं. डोळे मिटायचे नाहीत. हे शेवटचं मात्र सासूला मला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं, कारण माझी झोप हा अख्ख्या मोहल्ल्यात चेष्टेचा विषय होता. टेकले की गेले. नवी नवरी होते तेव्हा भाकरी थापता थापता झोपले आणि तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. सासू म्हणायची, हलीमा, तुला पिंजाऱ्याच्या घरात देऊन तुझ्या बापानं लई विचार केला बघ.

आमच्या घरचे उलटे. त्यांचं नाव घ्यायची रीत नाही, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून एकदाच घेते, दस्तगीर. बोलायला कमी. मी कधीही उठावं, तर हे आधीच उठून अंगणात कापूस निवडत बसलेले. बाया मला म्हणायच्या, कामाला वाघ आहे गं तुझा नवरा. मलाही त्याचा अभिमान होता.

तर प्लेग. दुसरी मोठी लढाई चालू होती, धान्याची टंचाई होती, आणि त्यात गावात उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की काय करायचं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होतं. गाव मोकळं करायचं. पेठेतली घरं कुलपं लागून बंद झाली आणि भोगावती नदीच्या पलीकडं माळावर झोपड्याच झोपड्या उठल्या. कडब्याच्या, बांबूच्या, तट्ट्यांच्या. वकील, आडते, कारकून, शिंपी, सगळे एका माळावर. आमच्या दोन्ही पोरी मी कळंबला आईकडं पाठवल्या आणि आम्ही दोघांनी माळाच्या कडेला बाभळीखाली पाल टाकलं. दवाखान्याच्या लोकांनी सगळ्यांना टोचलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरचं अंथरूण सफाईचा दरोगा स्वतः उभा राहून जाळायचा. बाकीचं अंथरूण लोक बैलगाडीत घालून माळावर घेऊन आले होते.

आणि माळावर कुणाला झोप लागेना.

पण हे कुणी कबूल करेल तर शपथ. भीती वाटते असं कुठला बाप्या म्हणेल? सकाळी डोळे लाल, तोंडं सुजलेली, आणि आमच्या पालापुढं येऊन म्हणायचे, गादीचा कापूस खराब झालाय, जरा पिंजून द्या. एक वकीलसाहेब होते. त्यांनी गादी पिंजून घेतली, मग उशी, मग म्हणाले खोळच टोचते. म्हटलं साहेब, खोळ तुमची तुम्हीच आणलेली. ते म्हणाले, बाई, रात्रभर मी घरातल्या सगळ्यांचे श्वास ऐकत बसतो, एकाचा ऐकू आला नाही की उठून बघतो. एवढं बोलून गेले आणि लगेच सावरले. म्हणाले, म्हणजे खोळीच्या टोचण्यानं जाग येते ना, म्हणून.

आणि आमचे जमादारसाहेब. पोलिसातून पेन्शनीत निघालेले, मिशा अशा की पोरं वाट सोडायची. त्यांनी एकच गादी तीनदा आणली. त्यात खडा आहे म्हणायचे. तिन्ही वेळा मी सगळा कापूस बोटांनी चाळला. तिसऱ्यांदा मला राग आला. म्हटलं, "जमादारसाहेब, खडा दाखवा, मी फुकट भरून देते."

जमादार पालाच्या सावलीला टेकले. म्हणाले, "अगं हलीमाबी, गावात असताना चौकीवरचे टोल ऐकू यायचे. टोल पडला की वाटायचं, पहारेकरी जागा हाय, आपण झोपावं. हितं कोण जागं हाय ते कळत न्हाई."

एवढं बोलले आणि आमच्या पिंजणाच्या तुंई तुंईवर बसल्या बसल्या घोरायला लागले. त्या दिवसापासून ते रोज दुपारी यायला लागले. त्यांचं बघून आणखी काही जण. आमच्या बाभळीखाली दुपारी माणसं पडलेली असायची, आणि हे आपले पिंजत असायचे. गिऱ्हाईक नसलं तरी पिंजायचे. मी म्हणायचे, तात झिजती उगीच. हे म्हणायचे, झिजू दे.

आम्ही त्या दिवसांत रोज दोन वेळा पोटभर जेवलो. माळावर फार थोड्यांना ते जमत होतं. मला त्याची शरम वाटायची, आणि जेवायचेही.

आता नीलव्वाचं सांगते. ज्याच्यासाठी सांगायला बसले ते हेच आहे.

पेठेत एक लिंगायत आडत्याचं घर होतं. नीलव्वा त्यांची सून. माहेर अणदूरचं, घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्यापेक्षा लहान. तिला दोन लेकरं होती. चार वर्षांची गौरा आणि सात-आठ महिन्यांचा एक मुलगा, त्याला सगळे अप्पू म्हणायचे. गाव मोकळं व्हायच्या आधीच गौरा गेली. गाठ आली, ताप चढला आणि गेली. घर माळावर आलं तेव्हापासून नीलव्वा झोपली नव्हती. झोप लागत नाही असं नाही, ती झोपतच नव्हती. डोळा मिटायला लागला की उठून उभी राहायची, तोंडावर पाणी मारायची, जीभ चावायची. अप्पूच्या छातीवर हात ठेवून बसायची. तो गाढ झोपला की घाबरायची आणि त्याला चिमटा काढायची, रडला की मग तिच्या जिवात जीव यायचा. लेकराच्या मांड्यांवर काळेनिळे डाग पडले होते.

ते डाग तिच्या सासूनं बघितले. सासूला सगळे अव्वा म्हणायचे. वाईट बाई नव्हती. पण नात गेली होती, आणि आता सून पोटच्या पोराला चिमटे काढते हे बघून तिचं काळीज फाटलं. ती म्हणायला लागली, हिला बाहेरचं झालंय. दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी झोपेचं औषध दिलं, ते नीलव्वानं थुंकून टाकलं. मरणारी माणसं सोडून न झोपणाऱ्या बाईकडं परत यायला डॉक्टरला उसंत नव्हती. मग घरात ठरलं. अप्पूला जावेच्या हवाली करायचं, आणि हिला गाडीत घालून सोनारीला भैरवनाथापुढं नेऊन ठेवायचं, बरी होईतोवर. गाडीवानाला सांगून झालं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी अव्वा आमच्या पालापुढं आली. म्हणाली, "दस्तगीर, नवा कापूस हाय. तिला एक गादी भरून दे. जाताना गाडीत तरी मऊ असू दे."

आम्ही दोघं त्यांच्या झोपडीशी गेलो. हे बाहेर आडोशाला पिंजायला बसले. मी आत. आत नीलव्वा अप्पूला मांडीवर घेऊन बसलेली. तिच्याकडं बघवेना. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, जीभ चावून चावून तोंडात रक्त. मी मान खाली घालून भरायला लागले. बाहेर तुंई तुंई चालू. दुपार झाली. गादी भरून झाली, टाके पडले, शेवटचा तेवढा राहिला. मी रीतीप्रमाणं पाठ टेकवली.

आणि झोपले.

आता काय सांगू? कित्येक दिवसांचं काम अंगात होतं, कापूस नवा होता, पिंजण वाजत होतं. परक्याच्या झोपडीत, मरणाच्या घरात, त्या जागणाऱ्या बाईच्या समोर मी पाय पसरून झोपले. जाग आली ती नाक ओढल्यामुळं. डोळे उघडले तर अप्पू माझ्या छातीवर रांगत आलेला आणि माझ्या नाकातली चमकी ओढतोय. आणि नीलव्वा माझ्याकडं टक लावून बघत होती. मी दचकून उठले. म्हटलं, वैनी, माफ करा, मेले मी, चुकले.

ती म्हणाली, "घोरत व्हतीस."

मी अप्पूच्या मुठीतून चमकी सोडवली आणि त्याला मांडीवर घेतलं.

"कशी गं झोपतीस?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. "हितं रोज कोण तरी जातंय. तुला झोप येती कशी?"

"आमी मजुरीची माणसं, वैनी. दमतो."

"पोरं किती तुला?"

"दोन पोरी हैत. कळंबला."

"गेलं न्हाई कुणी?"

हा प्रश्न मला कुणी विचारला की माझं उत्तर तयार असायचं. माझा पहिला मुलगा महबूब. प्लेगच्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. तापानं. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या मांडीवर गेला, मी त्याच्या तोंडात पाणी घातलं, कलमा म्हटला, माझ्या तोंडाकडं बघत गेला. मोहल्ल्यातल्या बाया ते ऐकून पदर डोळ्याला लावायच्या. मी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते दिसायचंसुद्धा. पण त्या दिवशी समोर नीलव्वा होती. ते डोळे माझ्यावर लागलेले, आणि त्या डोळ्यांपुढं ते बोलायची मला हिंमत झाली नाही.

तीच बोलायला लागली. हळू, कारण बाहेर अव्वा होती.

"गौराला चार रात्री मी मांडीवर घेतलं. पाचव्या रात्री माझा डोळा लागला. किती लागला ठावं न्हाई. उठले तर ती गार. कुणाला सांगितलं न्हाई मी. सगळ्यांस्नी सांगितलं, मी जागी व्हते, माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी झोपले म्हणून ती गेली, हलीमा. आता मी झोपले की ह्यो जाणार. उद्या मला गाडीत घालतील. जाऊबाई लई झोपाळू हाय. ती झोपंल, अन् माझं लेकरू जाईल."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं, शेवटचा टाका मारावा आणि पळावं. आपण कोण? पिंजारीण. गादी भरायला आलो, भरली, झालं. बाहेर अव्वा गाडीवानाला सांगत होती, उजाडायच्या आत बैल जुंप. अप्पू माझ्या मांडीवर बसला होता, त्याच्या मांडीवर एक डाग ताजा होता. त्या डागावर मी हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं.

"वैनी, माझा बी गेला. महबूब. मी झोपले व्हते."

तिनं मान वर केली.

"मांडीवर गेला म्हणून सांगते मी सगळ्यांस्नी. खोटं हाय. उजाडता उजाडता डोळा उघडला तवा कुशीत गार पडला व्हता. मी त्याला उचलून मांडीवर घेतला, अन् मग बोंब मारली, आत्ता गेला, आत्ता गेला म्हणून. आमच्या घरचे दाराशी बसले व्हते. त्यांना बी मी तेच सांगितलं. आजपर्यंत तेच सांगते."

एवढं बोलले आणि मला कळलं, बाहेर पिंजण थांबलंय.

किती वेळ थांबलं होतं कोण जाणे. तट्ट्याची भिंत, तिच्यापलीकडं हातभर अंतरावर हे बसलेले. माझे कान तापले. धरणी दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते. पण धरणी कुणासाठी दुभंगत नाही, आणि समोर ती बाई बसली होती.

नीलव्वा चिडली. खरं सांगते, तिला दिलासा-बिलासा काही वाटला नाही. दात खाऊन म्हणाली, "मग तू झोपतीस कशी? सांग ना. कशी झोपतीस तू?"

"ठावं न्हाई," मी म्हटलं. "डोळे मिटत्यात माझे. मला लाज न्हाई असं समजा. पण उठल्यावर रोज आधी हात कुशीत जातो. पोरी झाल्या, तरी जातो. त्याचं काय करू?"

मग तिनं विचारलं, "तू झोपली नसतीस तर तो जगला असता?"

मी म्हटलं, "ताप लई चढला व्हता, वैनी." मग मीच तिला विचारलं, "गौराला गाठ कुठं आली व्हती?" तिनं जांघेला हात लावला. अशी गाठ आलेलं लेकरू जागून वाचत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. आणि मग ती रडली. गौरा गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणे. आवाज न करता रडली, अप्पू तिच्याकडं बघून हसत होता.

रडून झाल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुझी झोप झाली न्हवं आता?"

"झाली."

"मग ह्याला धर. माझी शपथ हाय, डोळा मिटू नको. त्याच्या छातीवर हात ठिव. ठिवला? काढू नको." आणि ती त्या गादीवर कुशीला वळली. वळता वळताच झोपेत गेली.

मी बसले. अप्पू मांडीवर, हात त्याच्या छातीवर. जन्मभर झोपाळू म्हणून नाव काढलेली मी, त्या दिवशी पापणी लवू दिली नाही. थोड्या वेळानं बाहेर पिंजण पुन्हा वाजायला लागलं. कापूस संपला होता. रिकामंच वाजवत होते.

उन्हं कलल्यावर अव्वा आत आली. बघते तर सून पिंजाऱ्याच्या गादीवर आडवी, लेकरू पिंजारणीच्या मांडीवर. तिच्या कपाळावर आठी आली. म्हणाली, "ही गादी..."

मी दाभण दाखवलं. हळूच म्हटलं, "अव्वा, शेवटचा टाका राह्यलाय. गादी अजून आमचीच हाय. आमच्या गादीवर झोपल्यात त्या. राग आमच्यावर काढा, पण त्यांना उठवू नका."

अव्वा उभी राहिली. सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. नीलव्वाचं तोंड उघडं पडलं होतं आणि लाळ गादीवर गळत होती. म्हातारी माझ्या शेजारी मातीत बसली आणि अप्पूच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "आता माझ्याकडं दे. मी जागते. तू जा, तुझा नवरा खोळंबलाय."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. दुसऱ्या दिवशी बैल जुंपले नाहीत. अव्वा आणि जाऊ पाळीपाळीनं अप्पूच्या छातीवर हात ठेवून बसायच्या, आणि तेवढा वेळ नीलव्वा झोपायची. एकदम बरी झाली नाही. घाबरून उठायची, लेकराला हलवून बघायची. गाव पुन्हा भरल्यावरसुद्धा कित्येक महिने तिचं तसं चाललं. पण अप्पू तिच्याजवळच राहिला. सोनारीला ती सगळी गेली, पण नंतर, अप्पूचं जावळ द्यायला, आणि तो तिच्याच मांडीवर होता. त्या गादीला शेवटचा टाका मी कधी मारलाच नाही. अव्वानं स्वतः मारला. वाकडा होता.

आता माझं.

त्या संध्याकाळी आम्ही माळावरून पालाकडं निघालो. हे पुढं, खांद्यावर पिंजण. मी मागं. मला वाटत होतं, आता थांबतील, वळतील आणि विचारतील, इतकी वर्षं मला खोटं सांगितलंस? काय उत्तर द्यायचं ते जुळवत मी चालले होते. बाभळ आली तरी हे वळले नाहीत. पिंजण खाली ठेवलं, तात सैल केली, बसले. मग बोलले. आमच्या घरातली बोली दखनी, मी मराठीत सांगते.

म्हणाले, "तो उजाडायच्या लई आधी गेला."

मला कळेना कोण गेला.

"महबूब. मी जागा होतो. माझ्या मांडीवर होता. तू आठ-दहा दिवस अंग टेकलं नव्हतंस, त्या रात्री पहिल्यांदा तुझा डोळा लागला, म्हणून मी त्याला घेऊन बसलो होतो. तो गेला. तुला हाक मारायला तोंड उघडलं. मग म्हटलं, उठवून हिला काय दाखवू? उजाडल्यावर जन्मभर रडायचंच आहे, तेवढी तरी झोपू दे. त्याला तुझ्या कुशीत ठेवला आणि दाराशी जाऊन बसलो. तू उठलीस आणि म्हणालीस, आत्ता गेला. म्हटलं, बरं. तुला तसं पाहिजे तर तसं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाही?"

"काय बोलू? आईला उठवलं नाही मी. शेवटचं तोंड तुला बघू दिलं नाही. तुझ्या खोट्याआड माझंही झाकून गेलं." मग कापसाचा एक पुंजका बोटानं पिंजत बसले. पिंजता पिंजता म्हणाले, "लोक म्हणतात दस्तगीर पहाटे उठतो. उठायला आधी झोपावं लागतं."

मी तिथंच बसले. खोटं बोलले त्याची शरम होतीच, ती त्या वेळी कुठल्या कुठं गेली. ही दुसरी शरम मोठी होती आणि ती अजून गेलेली नाही. सगळ्या गावाच्या झोपेची चौकशी केली मी. वकिलाची खोळ बघितली, जमादाराचा खडा शोधला. आणि माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, इतकी वर्षं एक माणूस डोळे उघडे ठेवून पडत होता आणि मी घोरत होते. पहाटे उठतो म्हणून बायांपुढं त्याचा तोरा मिरवत होते. पिंजारणीनं नवऱ्याची गादी कधी उसवून बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच केलं. त्यांची गादी उसवली. कापूस दगडासारखा झालेला. उन्हात टाकला, झोडला. पिंजण बाईनं धरायचं नसतं, मी धरलं. वेडंवाकडं वाजत होतं. दुपारी बाभळीखाली गादी भरून झाली, शेवटचा टाका ठेवला आणि यांना म्हटलं, "जरा पाठ टेकवून बघा. मला गोळा लागत न्हाई."

म्हणाले, "ते तुझं काम."

"आज तुम्ही बघा. मी जागी हाय."

माझ्याकडं बघितलं. मग आडवे झाले. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. नीलव्वानं शिकवला होता तसा, न काढता. दिवसाढवळ्या, उघड्या माळावर, बाईनं नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसायचं म्हणजे काय ते त्या काळातल्यांना विचारा. येणारेजाणारे बघत होते. मी पदर पुढं ओढला आणि हात तिथंच ठेवला.

नेहमीच्या वेळेला जमादार आले. म्हणाले, "काय हलीमाबी, आज पिंजण वाजत न्हाई?"

"पिंजारी झोपलाय," मी म्हटलं.

जमादारांनी यांच्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मिशीवरून हात फिरवला. आडवे व्हायला आलेल्या बाकीच्यांना त्यांनी हातानंच परत फिरवलं, आणि काठी आडवी धरून रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, चौकीवर उभे राहायचे तसे.

सावली सरकली, ऊन यांच्या पायावर आलं, मग मांडीवर आलं. मी पदरानं आडोसा केला. दिवस मावळायला आला तरी उठवलं नाही.